लिंकनचे 'ज्यूज हाउस': बाराव्या शतकातील रोमनेस्क दगडी घराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्ययुगीन युरोप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले आणि कॅथेड्रल उभी राहतात. त्याच काळातील साधे राहते घर, जिथे कुणी चूल पेटवली, हिशेब लिहिले आणि मुले वाढवली, असे घर पाहायला मिळणे मात्र फार दुर्मीळ आहे. इंग्लंडमधील लिंकन शहरातील 'ज्यूज हाउस' हे असेच एक घर आहे. त्याच्या दगडांत बांधकामाचे उत्तम शहाणपण आहे आणि त्याच्या नावात एका समाजाची वेदना आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेतल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. म्हणून पुढील उत्तरांत दोन्हींना जागा दिली आहे.

हे घर नेमके कोठे आहे आणि किती जुने आहे?

लिंकन हे पूर्व इंग्लंडमधील शहर चुनखडीच्या एका उंच कड्यावर आणि त्याच्या उतारावर वसलेले आहे. वर माथ्यावर किल्ला आणि कॅथेड्रल आहे, खाली नदीकाठी बाजारपेठ आहे. या दोन्हींना जोडणारा रस्ता चढणीला लागला की आधी 'द स्ट्रेट' हा अरुंद भाग येतो आणि पुढे 'स्टीप हिल', म्हणजे नावाप्रमाणेच खडा चढ, सुरू होतो. या चढाच्या पायथ्याशी, वर जाताना डाव्या हाताला हे घर आहे. ते बाराव्या शतकाच्या मध्यानंतर, साधारणपणे ११५० ते ११८० या काळात बांधले गेले असे मानले जाते. तेव्हापासून ते आजवर वापरात आहे. इंग्लंडमध्ये टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या नागरी घरांत त्याची गणना होते आणि वारसा इमारतींच्या तेथील अधिकृत यादीत त्याला 'ग्रेड वन' हा सर्वोच्च दर्जा आहे.

'रोमनेस्क' म्हणजे काय? काही ठिकाणी याच घराला 'नॉर्मन' का म्हटले जाते?

दोन्ही शब्द बरोबर आहेत. अकराव्या आणि बाराव्या शतकांत पश्चिम युरोपभर जी बांधकामशैली रूढ होती, तिला रोमनेस्क म्हणतात. जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी, आखूड पण भक्कम खांब आणि कमानींच्या कडांवर ओळीने केलेले कोरीवकाम ही तिची ओळख आहे. त्या काळच्या गवंड्यांनी मात्र हा शब्द कधी ऐकलेला नव्हता. प्राचीन रोमन इमारतींतील गोल कमानींशी असलेले साम्य पाहून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अभ्यासकांनी तो घडवला. १८१८ मध्ये फ्रान्समधील शार्ल द जेरव्हिल यांनी आणि १८१९ मध्ये इंग्लंडमधील विल्यम गन यांनी तो आपापल्या भाषेत वापरला. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधील नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर ही शैली तेथे मोठ्या प्रमाणावर आली, म्हणून इंग्रज लोक तिला 'नॉर्मन' म्हणतात. लिंकनचा किल्ला १०६८ चा आहे आणि कॅथेड्रलचे काम १०७२ मध्ये सुरू झाले. म्हणजे हे घर उभे राहिले तेव्हा डोंगरावर दगडकामाची परंपरा जवळजवळ शंभर वर्षे रुळलेली होती.

या घराच्या दर्शनी भागात काय पाहावे?

सर्वप्रथम दरवाजा पाहावा, आणि घाई न करता पाहावा. दाराच्या डोक्यावर गोल कमान आहे आणि तिच्या दगडांवर बारीक कोरीवकाम केलेले आहे. या कमानीखाली दोन्ही अंगांना एकेकाळी सडपातळ खांब होते. ते आज नाहीत, तरी ते कोठे असावेत हे चौकटीच्या मांडणीवरून चटकन लक्षात येते. आठशे वर्षांहून अधिक काळ पाऊस आणि धूर झेलून कोरीवकामाच्या धारा बोथट झाल्या आहेत. काही ठिकाणी नक्षी स्पष्ट दिसते, तर काही ठिकाणी दगडावर नुसता उंचसखलपणा उरला आहे. कॅथेड्रलच्या पश्चिम दर्शनी भागातील रोमनेस्क दारे पाहून आलेल्या माणसाला येथे तोच हात ओळखू येतो. डोंगरावर देवासाठी काम करणारी कारागिरी येथे एका गृहस्थाच्या उंबरठ्याशी उतरली आहे.

दरवाजाच्या वर नजर नेली की माडीच्या पातळीवर भिंतीतून आडवी गेलेली दगडी पट्टी दिसते आणि तिच्या वर दोन जोडखिडक्यांचे अवशेष दिसतात. जोडखिडकी म्हणजे एका मोठ्या गोल कमानीच्या पोटात दोन लहान कमानी आणि त्यांच्या मधोमध एक बारीक खांब. त्या काळी राहत्या घरांच्या खिडक्यांना काच क्वचितच असे. आतून लाकडी झडपा लावत, म्हणजे उजेड हवा असेल तर थंडीही घरात घ्यावी लागे.

दाराच्या कमानीवर भिंत पुढे का आली आहे?

या घरातील सर्वांत बुद्धिमान गोष्ट हीच आहे. दाराच्या कमानीवर भिंतीचा जो भाग बाहेर आलेला दिसतो, तो माडीवरच्या शेकोटीचा आणि तिच्या धुराड्याचा पाठीमागचा भाग आहे. म्हणजे रस्त्यावरून दिसणारी ती शोभिवंत कमान नुसती सजावट नसून वरच्या शेकोटीचा भार पेलणारा आधार आहे.

त्या काळातील बहुतेक घरांत आग खोलीच्या मध्यभागी, जमिनीवर पेटवलेली असे आणि धूर छपराच्या फटींतून वाट काढत बाहेर जाई. ज्या घराची मुख्य खोली माडीवर आणि लाकडी तक्तपोशीवर आहे, तेथे हे करणे धोक्याचे होते. म्हणून शेकोटी दगडी भिंतीत बसवावी लागली. भिंतीत शेकोटी घ्यायची तर तिच्यामागे भिंतीची जाडी हवी. ती जाडी खोलीच्या आत घेतली तर जागा कमी होणार आणि रस्त्याच्या बाजूला घेतली तर तिला खालून टेकू लागणार. बांधणाऱ्याने दुसरा मार्ग पत्करला आणि टेकू म्हणून दाराचीच कमान वापरली. एका दगडी रचनेने प्रवेशाची शोभा, शेकोटीचा आधार आणि दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर थोडे छत अशी तीन कामे केली. भिंतीतील शेकोटी आणि धुराडे हे तेव्हा ऐश्वर्याचे लक्षण होते. ते मागच्या बाजूला न लपवता ऐन दर्शनी भागात मिरवण्यामागे मालकाची हौसही नक्कीच असणार.

अशी गोल कमान बांधत कशी?

आधी लाकडाचा अर्धगोल साचा उभारत. आपल्याकडे गवंडी ज्याला सेंटरिंग म्हणतात, तेच हे काम. त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीच्या आकाराचे घडीव दगड चुन्यात बसवत वर येत आणि शेवटी माथ्यावरचा दगड बसवत. तो बसला की प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो आणि साचा काढून घेता येतो. कमानीवरचा भार सरळ खाली न जाता बाजूंनाही रेटा देतो, आणि तो रेटा सोसण्यासाठी भिंत जाड लागते. रोमनेस्क घरांच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान का, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. अशा भिंतींची बाहेरची बाजू घडीव दगडांची असली तरी पोटात बहुधा ओबडधोबड दगड आणि चुना भरलेला असे. लिंकनच्या कड्यातच उत्तम चुनखडी मिळत असल्याने दगड फार दुरून आणावा लागत नसे.

आत माणसे कशी राहत होती?

मुख्य दालन माडीवर होते. त्याचे माप सुमारे १२ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद होते. जेवण, पाहुण्यांची ऊठबस, व्यवहाराची बोलणी आणि रात्रीची झोप यांपैकी बरेच काही या एकाच दालनात होत असावे. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या खोल्या ही कल्पना पुष्कळ नंतरची आहे. तळमजला साठवणीसाठी किंवा रस्त्याकडे तोंड असलेल्या दुकानांसाठी वापरला जात असावा. खाली पेढी आणि वर बिऱ्हाड ही रचना बाजारपेठेतल्या जुन्या घरांत राहिलेल्या कोणाही मराठी माणसाला परकी वाटणार नाही.

येथे अभ्यासकांमधील एका वादाचा उल्लेख करायला हवा. इंग्लंडमधील बाराव्या शतकातील दगडी घरांत मुख्य दालन नेहमी माडीवरच असे, असे पूर्वी सरसकट मानले जाई. १९९३ मध्ये जॉन ब्लेअर यांनी दाखवून दिले की ग्रामीण भागातील अशा अनेक इमारती म्हणजे केवळ खाजगी निजण्या-बसण्याचा भाग होता आणि मुख्य दालन शेजारी जमिनीवर, बहुधा लाकडाचे होते व ते नष्ट झाले. शहरातील अरुंद जागेवर, दुकानांच्या वर दालन बांधण्याचे कारण मात्र वेगळे आणि सबळ होते, त्यामुळे लिंकनच्या या घराबाबत माडीवरच्या दालनाचे वर्णन मला आजही पटते.

दगडाचे घर सुरक्षेसाठी बांधले होते का?

हे स्पष्टीकरण फार ठिकाणी दिले जाते: ज्यूंवर हल्ले होत, म्हणून ते दगडी घरांत राहत. त्यात थोडे तथ्य असले तरी ते पुरेसे नाही, आणि माझ्या मते ते दिशाभूल करणारे आहे. दगडी घर बांधणे हा पहिल्यांदा पैशाचा प्रश्न होता. त्या काळी शहरातील बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची, कुडाची आणि गवताने शाकारलेली होती. ज्याला परवडे तो, मग तो ख्रिस्ती व्यापारी असो, धर्मगुरू असो वा ज्यू सावकार, दगडात बांधत असे. याच लिंकनमध्ये खालच्या वस्तीत बाराव्या शतकातील सेंट मेरीज गिल्डहॉल ही भव्य रोमनेस्क इमारत आहे आणि तिचा ज्यूंशी संबंध नाही.

दुसरे कारण आगीचे. लंडनमध्ये शेजारच्या दोन घरांमधली सामाईक भिंत दगडाची, ३ फूट जाड आणि १६ फूट उंच असावी असा नियम १२०० च्या आसपास प्रचलित होता, यावरून आगीची धास्ती किती होती ते कळते. आणि ज्याच्या घरात कर्जरोखे आणि गहाण ठेवलेल्या मौल्यवान वस्तू असत, त्याला दगडी भिंत हवी असणे स्वाभाविक होते. पण रस्त्याकडे रुंद जोडखिडक्या आणि नक्षीदार दार असलेले घर हे भेदरलेल्या माणसाचे घर नव्हे. आपण या शहराचे आहोत, असे ते उघडपणे सांगते.

मग घराचे नाव 'ज्यूज हाउस' का?

ज्यू लोक १०६६ नंतर नॉर्मंडीतून इंग्लंडमध्ये आले आणि बाराव्या शतकात लिंकनमधील त्यांची वस्ती देशातील मोठ्या व समृद्ध वस्त्यांपैकी एक झाली. परंपरेने हे घर तेराव्या शतकातील बेलासेट ऑफ वॉलिंगफर्ड या ज्यू स्त्रीशी जोडले जाते. नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढल्याच्या आरोपावरून तिला फाशी देण्यात आली. १२७० च्या दशकाच्या अखेरीस याच आरोपाखाली इंग्लंडभर शेकडो ज्यूंना अटक झाली आणि अनेकांना फाशी दिले गेले, हे लक्षात घेतले तर तिच्यावरील आरोपाकडे आज सावधपणेच पाहावे लागते. घर मुळात कोणी बांधले, हे मात्र तिच्या नावावरून ठरवता येत नाही. ती त्यानंतर शंभर वर्षांनी होऊन गेली.

मराठी वाचकांच्या मनात ज्यू म्हटले की कोकणातले बेने इस्राएल येतात, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले जाई. ते शतकानुशतके शेजाऱ्यांमध्ये निर्धास्त राहिले. लिंकनची गोष्ट वाचताना हा फरक मनात ठेवावा.

ॲरन ऑफ लिंकन हा प्रसिद्ध ज्यू सावकार येथे राहत होता का?

नाही. हा गैरसमज मुख्यतः दुसऱ्या एका घराबाबत आहे. स्टीप हिलवर थोडे वर ११७० ते ११८० च्या सुमाराचे आणखी एक रोमनेस्क दगडी घर आहे. त्याला पूर्वी 'ॲरन द ज्यूचे घर' म्हणत आणि आता 'नॉर्मन हाउस' म्हणतात. त्या घराशीही ॲरनचा संबंध सिद्ध झालेला नाही. ॲरन स्वतः मात्र खराखुरा आणि विलक्षण माणूस होता. राजापासून मठांपर्यंत अनेकांना त्याने कर्जे दिली होती आणि इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत व्यक्तींमध्ये तो गणला जाई. ११८६ मध्ये तो वारल्यावर राजा दुसऱ्या हेन्रीने त्याची सर्व संपत्ती ताब्यात घेतली. वसूल करायची कर्जे सुमारे १५,००० पौंडांची होती आणि त्यांचा हिशेब लावण्यासाठी सरकारी खजिन्यात 'ॲरनचा खजिना' या नावाची स्वतंत्र शाखाच काढावी लागली. त्याची रोकड फ्रान्सकडे नेणारे जहाज ११८७ मध्ये समुद्रात बुडाले.

लिंकनमध्ये ज्यूंवर कोणते प्रसंग आले?

११९० मध्ये इंग्लंडभर ज्यूविरोधी दंगली उसळल्या आणि यॉर्कमध्ये मोठा संहार झाला. लिंकनमधील ज्यूंना किल्ल्यात आसरा मिळाला आणि ते बचावले. येथील बिशप ह्यू यांनी जमावाला धैर्याने तोंड दिले. १२०० मध्ये त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा शहरातील ज्यूही रडत सामील झाले होते, अशी नोंद आहे.

१२५५ चा प्रसंग मात्र भयंकर होता, आणि त्यातील मुलाचे नावही ह्यू असल्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. हा नऊ वर्षांच्या आसपासचा ह्यू बेपत्ता झाला आणि ऑगस्टच्या अखेरीस त्याचे प्रेत विहिरीत सापडले. ज्यूंनी धार्मिक विधीसाठी त्याला मारले, अशी कंडी पिकली. कोपिन नावाच्या ज्यू माणसाकडून धाकदपटशाने आणि जीवदानाचे आमिष दाखवून कबुली वदवून घेतली गेली. राजा तिसरा हेन्री लिंकनला आला आणि त्याने ते जीवदान नाकारून कोपिनला ठार करवले. सुमारे ९० ज्यूंना लंडनला नेण्यात आले आणि त्यांपैकी १८ जणांना फाशी देण्यात आले. फाशी गेलेल्यांची मालमत्ता राजाकडे जमा होत असे, ही बाब येथे दुर्लक्षून चालणार नाही. हा आरोप धादांत खोटा होता. कॅथेड्रलमध्ये त्या मुलाच्या समाधीजवळ विसाव्या शतकाच्या मध्यानंतर एक फलक लावण्यात आला आहे. अशा कथा रचलेल्या होत्या आणि त्यांनी अनेक निरपराध ज्यूंचे प्राण घेतले, अशी कबुली त्यावर दिलेली आहे.

१२९० मध्ये काय झाले?

राजा पहिल्या एडवर्डने १८ जुलै १२९० रोजी सर्व ज्यूंना इंग्लंड सोडण्याचा हुकूम काढला आणि १ नोव्हेंबरपर्यंतची मुदत दिली. त्यांची घरे राजाच्या ताब्यात गेली आणि इतरांना दिली गेली. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षे, इंग्लंडमध्ये ज्यूंना उघडपणे राहता आले नाही. घर तेवढे जागेवर राहिले.

शेजारची 'ज्यूज कोर्ट' ही इमारत काय आहे?

ती या घराला लागूनच, चढाच्या बाजूला आहे. तिचा आजचा बराचसा भाग पुढील शतकांतील आहे. मध्ययुगात येथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, होते असे परंपरा सांगते आणि पूर्वेकडील भिंतीतील एक कोनाडा धर्मग्रंथाची गुंडाळी ठेवण्याची जागा असावी असे काहींचे मत आहे. ते सर्वांना मान्य नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच इमारतीत एक विहीर '१२५५ ची विहीर' म्हणून पर्यटकांना पैसे घेऊन दाखवली जात होती. ती अलीकडे तयार केलेली होती, हे पुढे उघड झाले. जुन्या खोट्या आरोपावर एवढ्या वर्षांनी कोणी चार पैसे कमवावेत, याचे वाचताना फार वाईट वाटते. पुढे ही इमारत पाडण्याचे घाटत होते, पण इतिहासप्रेमींच्या प्रयत्नांनी ती वाचली. आता ती लिंकनशायरच्या इतिहास व पुरातत्त्व संस्थेकडे आहे आणि तेथील ज्यू समाज प्रार्थनेसाठी तिच्यात जमतो.

घराचा किती भाग मूळचा आहे?

दरवाजा, त्यावरची धुराड्याची पाठ, आडवी पट्टी, माडीच्या खिडक्यांच्या कमानी आणि माडीच्या दर्शनी भिंतीतील बरेचसे दगड मूळचे आहेत. तळमजल्यावर वेळोवेळी दुकानांसाठी नवी दारे-खिडक्या फोडल्या गेल्या, माडीच्या खिडक्यांत बदल झाले आणि छप्परही पुढच्या काळातले आहे. अलीकडच्या दशकांत येथे उपाहारगृह चालत आले आहे. काही वाचकांना हे खटकते. मला वाटते, घर सतत कोणाच्या तरी उपयोगाचे राहिले म्हणूनच ते टिकले.

अशी आणखी घरे कोठे पाहायला मिळतील?

इंग्लंडमध्ये बरी सेंट एडमंड्स येथील मॉयसेस हॉल हे साधारण ११८० चे घर आज संग्रहालय आहे. लिंकनशायरमध्येच बूथबी पॅग्नेल येथे सुमारे १२०० चे ग्रामीण दगडी घर आहे, आणि दक्षिण किनाऱ्यावरील क्राइस्टचर्च येथे भग्न घराबरोबर त्याचे नॉर्मन धुराडेही टिकून आहे. फ्रान्समध्ये क्लुनी गावात अशी घरे समूहाने आहेत. फ्रान्समधील सेंट-आन्तोनँ-नोब्ल-व्हाल या दुसऱ्या गावचे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील घर, त्याच्या माडीवरील खांबांची रांग आणि आदम-हव्वेची शिल्पे यांसाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक यांनी त्याची डागडुजी करताना मनोरा मात्र आपल्या कल्पनेने चढवला.

भेट द्यायची असल्यास काय लक्षात ठेवावे?

लिंकनचे रेल्वे स्थानक खालच्या बाजूला आहे. तेथून हाय स्ट्रीटने सरळ वर चालत गेले की चढ तीव्र होऊ लागतो तेथेच हे घर लागते. घराचे तोंड पूर्वेकडे आहे, त्यामुळे सकाळचे तिरपे ऊन पडले असताना जावे; तेव्हा दाराच्या कमानीवरील झिजलेली नक्षी सावलीमुळे उठून दिसते. दुपारनंतर तीच कमान सपाट वाटते. रस्ता अरुंद असल्याने समोरच्या घरांच्या भिंतीला पाठ लावून उभे राहावे, म्हणजे दार, त्यावरची शेकोटीची पाठ आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या एका नजरेत मावतात. त्यानंतर चढ चढून कॅथेड्रलची पश्चिमेकडील दारे पाहावीत आणि उतरताना पुन्हा या दारापाशी थांबावे. वरचे कोरीवकाम डोळ्यांत ताजे असते आणि येथील पुसट रेषाही मग वाचता येतात.